द्वारकाबाईंचा फोटो

सोमवार, ३ नोव्हेंबर
आले एकदाची. गंगापूरहून जीपमध्ये कोंबून आणलं, पण घर झ्याक हाय. शहरात, गारखेड्यात, दुसरा मजला, गॅलरीत ऊन. काकासाहेब एकटेच. बायको द्वारकाबाई मागच्या साली वारल्या. सून प्रेरणा पुण्याला. तिनंच मला कामाला लावलं, ही वही पाठवली, रोज काय काम केलं ते लिहायला. मी चौथी शिकलेली, जमंल तसं लिहीन. काम सोपं. ट्रंकेतले जुने फोटो, सातबारे, पत्रं सावलीत पसरायची, कोरड्या मलमलीनं पुसायची, कडुनिंबाचा वाळका पाला घालून कापडात बांधायची. कडू असलं की कसर लागत नाय. माझ्याआधीची तीन लेकरं गेली, म्हणून आईनं माझं नाव कडूबाई ठेवलं. कडूला कुणी नेत नाय. रविवारी परत जाणार. लेक सुकेशनीचे दिवस भरत आलेत.

मंगळवार, ४
चुकलं. द्वारकाबाईंचा एकुलता एक फोटो. डाग कोरड्यानं निघंना. मला कुठला दम, ओलं फडकं घासलं. तोंडच निघून आलं. पदर, बांगड्या जागेवर, वर नुसतं पांढरं. वाटलं, काकासाहेब हाकलतील. ते हसले. म्हणाले, या घरात कडू नाव नको, तुला द्वारका म्हणतो. म्हटलं म्हणा, काम तेच.

बुधवार, ५
हाक मारली की लगेच ओ देते. फोटोतल्या पांढऱ्यात हनुवटी उमटलीय. तिच्यावर गोंदणाचे तीन ठिपके. द्वारकाबाईंना गोंदण नव्हतं. मला हाय.

गुरुवार, ६
आरशात गोंदण नाय. आधार कार्ड काढलं, फोटोच्या जागी पांढरं. पिशवी उचलून खाली गेले. वॉचमन बिभीषणनं सोमवारी हीच पिशवी वर आणून दिलती. आज गेट उघडंना. म्हणतो, द्वारकाकाकू, साहेब वाट बघतेत, वर चला—

शुक्रवार
काकासाहेबांच्या फोनवरून सुकेशनीला लावला. तिनं विचारलं, कोण? माझ्या तोंडून निघालं, द्वारकाबाई. राँग नंबर म्हणाली. म्हणाली ठेवा लवकर, माझ्या आईचा फोन यायचाय—

शनिवार
फोटोत डोळे आले. माझे. ट्रंकेतला पाला सगळा काकासाहेबांनी फेकून दिला. फोटोला हार घातला. माझ्या गळ्याला दोरा काचतोय—

रविवार
आज जायचं होतं. कुणाकडं— लेक हाय मला, तिचं नाव—
निदान माझं तरी लिहून ठेवते. म्हंजी कुणी नेणार नाय. माझं नाव द्वा