काशीबाईचा बोईसरचा मुक्काम

शिरगाव,
दि. ३ एप्रिल २०२५

चि. प्रताप यास,
विजयाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर आपलं दुसऱ्या वाक्याला वाजतं. पत्राचं उत्तर लिहीपर्यंत तुझा राग तरी उतरेल. नवशा भाजीचा टेम्पो घेऊन बोईसरच्या बाजारात येतोच, त्याच्या हाती देते आहे.

काम असं आहे, की वाडीतल्या विहिरीचा गाळ काढायचा आहे. यंदा मोटर चिखल ओढायला लागली. माणसं येऊन विहीर कोरडी करणार, मग काशीबाईने जायचं कुठे? तुझ्या भाऊजींनी आजारपणात बोटभर मरळ आणून विहिरीत सोडली होती. विहिरीत जीव असावा, पाणी जागं राहतं, म्हणाले. ती आता हातभर झाली आहे. सकाळी मी मोटर लावायला गेले की वर येते आणि मी तिला घरच्या बातम्या सांगते. वाडीतली झाडं सगळी सासऱ्यांच्या हातची. यांनी मागे ठेवलेला जीव हा एवढाच. तिला काही झालं तर मला सोसणार नाही, हे सरळच लिहिते.

इथे पिंपात ठेवली तर शेजारच्या ठमीच्या मांजरी पिंपाभोवती पंगत मांडतील. विकतच्या काचेच्या पेटीत ती वळायचीसुद्धा नाही. तू रिटायर झाल्यापासून फॅक्टरीत बांधलेल्या टाक्यांच्या गोष्टी ऐकवतोस, तर एका माशापुरती टाकी बांधून दाखव.

अट एकच. लहानपणी मरळीच्या कालवणाचा वास आला म्हणून तू अंगात ताप असताना ताटावर येऊन बसला होतास. या मरळीकडे त्या नजरेने बघायचं नाही.

लोभ आहे. वाढवायचा की नाही ते टाकी बघून ठरवीन.
तुझी,
विजयाताई


बोईसर,
दि. १० एप्रिल २०२५

ती. विजयाताईस,
प्रतापचा शि. सा. नमस्कार.

टाकी बांधून झाली. तीन फूट लांब, दीड फूट उंच. काच जाड घेतली, कडा घासून घेतल्या, आणि जोड सिलिकॉनने असे भरले आहेत की बोट फिरवलं तर कळू नये. ते सुकताना व्हिनेगरसारखा वास सुटतो. खालच्या मजल्यावरची वैभवी वर येऊन तुमचं लोणचं नासलं का म्हणून विचारून गेली. मी तिला आत बोलावून सगळी रचना समजावून सांगितली. तिला घाई होती, तरी अर्धी ऐकली.

कालपासून टाकीत पाणी भरून ठेवलं आहे. खाली अंथरलेला पेपर कोरडा ठणठणीत आहे. फॅक्टरीत माझ्या हातून गेलेली टाकी कधी गळली नाही. अजून एक तपासणी तेवढी बाकी आहे. आमच्या नियमाने दीडपट दाब सोसल्याशिवाय टाकी पास होत नाही. उद्या तेही उरकतो.

कालवणाचं म्हणशील, तर डॉक्टरांनी माझं तिखट बंद केलं आहे. काशीबाईने माझ्या डॉक्टरांचे आभार मानावेत.

तुझ्या लोभाला पात्र ठरल्याचं कळवणे.
तुझा,
प्रताप


बोईसर,
दि. १२ एप्रिल २०२५

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. नवशाला शेवग्याच्या शेंगा परत करायच्या निमित्ताने देईन. सासऱ्यांची चुगली करणारी सून म्हणून माझं नाव खराब झालं तर तुम्ही सांभाळून घ्या.

टाकी उत्तम झाली होती, एक थेंब गळत नव्हती. पण बाबांना दीडपट दाब हवा होता, म्हणजे पाणीही दीडपट उंच भरायला हवं. मग त्यांनी टाकीच्या वर प्लायवूडची चौकट चिकटवली आणि तिच्यातही पाणी भरलं. मी म्हटलं, बाबा, मासा काही प्रेशर कुकर नाही. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम. आणि मग समोरची काच फुटली. हॉलमधलं पाणी जिन्यावरून असं धावलं की तळमजल्यावरच्या बायका टँकर आला समजून कळश्या घेऊन बाहेर आल्या. वैभवीने तर रांगही लावली.

मनीष आणि मी पोट धरून हसलो. मग बाबांकडे लक्ष गेलं. ते ओल्या फरशीवर बसून होते. म्हणाले, माझा हात गेला. आई गेल्यापासून त्यांच्या हत्यारांची पेटी बंद होती, ती या टाकीसाठी उघडली होती. तीही त्यांनी उचलून पलंगाखाली ढकलली. काल रात्री दोन घासांवर जेवण उरकून झोपले. मनीष म्हणतो विकतची टाकी आणू. मला ते पटत नाही, का ते तुम्हाला कळेल.

गाळाचं काम थोडं पुढे ढकलता येईल का?

तुमचा लोभ माझ्यावर असावा, आणि हे पत्र चुलीत.
आपली,
स्नेहल


शिरगाव,
दि. १४ एप्रिल २०२५

चि. प्रताप यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी टाकी दीडपट दाबाला पास झाली असणार, विचारायला नकोच. विहिरीची माणसं ठरल्यापेक्षा आधीच मोकळी झाली. म्हणून येत्या गुरुवारी काशीबाईला झाकणाच्या बादलीत घालून नवशाबरोबर पाठवते. बादलीत ती एखादा दिवस काढील. पुढचं तुझ्या हातात आहे, आणि मला तुझा हात माहीत आहे.

उगाच सुनेकडे संशयाने बघू नकोस. मला कोणी काही लिहीत नाही.

लोभ बादलीबरोबर पाठवते आहे, हिंदकळू देऊ नकोस.
तुझी,
विजयाताई


बोईसर,
दि. २५ एप्रिल २०२५

ती. विजयाताईस,
शि. सा. नमस्कार.

काशीबाई सुखरूप आहे. आधी लिहिलं नाही कारण तिच्याजवळून उठवत नव्हतं.

तुझं पत्र वाचून तासभर चिडलो आणि मग पेटी बाहेर काढली. फुटलेल्या काचेच्या जागी नवी काच कापून घ्यायला वेळ नव्हता. आमच्या फरसाणवाल्या दर्पणने दुकान नवं करताना दर्शनी काच काढून ठेवली होती, ती त्याने दिली. तिच्यावर बाहेरून ‘शुद्ध शाकाहारी’ असं सोनेरी अक्षरात लिहिलं आहे आणि ते ब्लेडने खरवडलं तरी निघत नाही. काशीबाई त्या अक्षरांमागे बसून कोळंबी गिळते. येणारेजाणारे फोटो काढतात.

पहिल्याच दिवशी तिने उडी मारली आणि सोफ्यावर मनीषच्या शेजारी जाऊन पडली. तेव्हापासून टाकीवर आमचा कॅरम बोर्ड ठेवतो, हवेपुरती फट सोडून. या खेपेला दीडपट दाब दिला नाही. नियमापेक्षा मासा मोठा, असं स्नेहलने बजावलं होतं.

विहिरीचं काम झाल्याचं नवशाने सांगितलं. पण तिला एवढ्यात नेऊ नकोस. नवीन पाणी कच्चं असतं. ऊन फार आहे, तिला प्रवास झेपणार नाही. उमरोळीच्या पुढे रस्ता खोदलेला आहे, बादली हिंदकळेल. शिवाय रविवारी अमावस्या आहे.

लोभ असू दे आणि घाई नसू दे.
तुझा,
प्रताप


बोईसर,
दि. २६ एप्रिल २०२५

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

पुन्हा चुगली. रस्ता मुळीच खोदलेला नाही.

बाबा सकाळी चहा घेऊन टाकीसमोर खुर्ची ओढतात आणि तिच्याशी बोलतात. सुरुवातीला फॅक्टरीचं सांगायचे. आता आईच्या आजारपणातलं सांगतात. दवाखान्यात शेवटी आई काय म्हणाल्या, त्यांनी काय उत्तर दिलं, काय द्यायचं राहून गेलं. आम्हाला यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. मी स्वयंपाकघरात नळ बंद करून ऐकत उभी राहते. नवशा बादली घेऊन येणार हे कळल्यापासून मात्र ते तिच्याशीही बोललेले नाहीत, नुसते काच पुसत बसतात.

काशीबाई तुमची आहे आणि ती तुमच्यासाठी काय आहे ते मला ठाऊक आहे. माझं मागणं काही नाही. तुम्हाला कळावं एवढंच.

तुमच्या मायेत मला जागा असू द्या.
आपली,
स्नेहल


शिरगाव,
दि. २ मे २०२५

चि. प्रताप यास,
विजयाताईचे अनेक आशीर्वाद.

अमावस्या होऊन गेली, अक्षय्य तृतीयाही झाली. तुझ्या कारणांचा साठा संपला असेल तर आता माझं ऐक.

विहीर छान झाली. तळाचे दगड दिसतात. सोमवारी मोटर लावायला गेले आणि वर कोणी आलं नाही. मी काठावर बसून रडले, लपवत नाही. तिला न्यायला त्याच दिवशी नवशाला पाठवणार होते. बादलीही धुऊन ठेवली होती.

मग यांची आठवण आली. मला इतकी वर्षं वाटायचं, यांनी काशीबाईला पाण्यासाठी सोडलं. पाण्याला तिची काय गरज होती? आपण जाणार हे त्यांना कळलं होतं, आणि मी एकटी कोणाशी बोलणार याची त्यांना काळजी होती. तिने ते काम माझ्याकडे नीट केलं. माझं सांगून झालं आहे, प्रताप. तुझं आत्ता कुठे सुरू झालंय, असं मला आतून वाटतं. आतून म्हणजे कुठून ते विचारू नकोस. काशीबाई तुझ्याकडेच राहू दे.

विहीर काही रिकामी ठेवली नाही. नवशाने ओहोळातून बोटभर मरळ आणून दिली. पाण्यात सोडताना म्हणाला, ‘बाय, याचा तोंड कदी मिटतच नाय, परतापदादावानी हाय.’ मी तेच नाव ठेवलं. आता रोज सकाळी प्रतापला खायला घालते, आणि मग जे काय सुनावायचं ते सगळं सुनावून घेते.

लोभ दोन्ही प्रतापांवर सारखाच. धाकटा जरा जास्त ऐकतो.
तुझी,
विजयाताई