कॅमेरा क्र. २ ची चतुःसीमा

शुक्र., ७ मार्च
विहिरीवरील मोटारीची केबल पुन्हा चोरीस गेली. या हंगामातील दुसरी खेप. सालगडी ज्ञानबा पत्नी गयाबाईसह शेतातल्या घरी, आखाड्यावरच राहतो. त्यालाही चाहूल लागली नाही. मी मानवतला, शेत पाथरी रस्त्यावर सात कि.मी. निर्णय घेतला : दोन कॅमेरे, सिमकार्डावर चालणारा राउटर, चित्र माझ्या मोबाईलवर. नाशिकहून लेक सुनंदा म्हणाली, "नाना, या वयात?" वयाचा येथे काय संबंध? पस्तीस वर्षे दस्त लिहिले. एकातही खाडाखोड नाही.

रवि., ९ मार्च
दुकानदार फिरोजभाई साहित्य घेऊन आखाड्यावर आले. घरात फोनला रेंजची एकच काडी. मी मात्र आदल्या दिवशीच निरनिराळी सिमकार्डे घेऊन शेतभर फिरलो होतो व नोंदी ठेवल्या होत्या : कडुनिंबापाशी, पंधरा फूट उंचीवर, तीन काड्या. फिरोजभाई : "नाना, दुकान तुमीच चालवा. मी बसतो तुमच्या शेताच्या धुऱ्यावर." बांबूवर अँटेना, डब्यात राउटर, वीज जाते म्हणून बॅटरी. तासाभरात सर्व सुरळीत.
माहितीपत्रकातील मराठी वाचवत नाही. तांबड्या शाईने दुरुस्त करून परत दिले.

सोम., १० मार्च
कॅ. १ फाटकाकडे, कॅ. २ विहिरीकडे. शेताचा नकाशा समोर ठेवून, दस्तात लिहितात तशी प्रत्येकाची चतुःसीमा लिहिली, मगच खिळे. कॅ. २ : पूर्वेस विहीर, पश्चिमेस गोठ्याची भिंत, दक्षिणेस कडब्याची गंजी, उत्तरेस मोकळी जागा. चित्र इतके स्वच्छ की बैलाने कान हलवलेला दिसतो. सुनंदा व जावई यांच्या मोबाईलवरही सोय करून दिली.
ज्ञानबा दिवसभर खाली मान घालून दोर वळत बसला होता. मी निघताना एवढेच : "नाना, ह्ये चोरावर हाय का आमच्यावर?"
"चोरावर."
अधिक स्पष्टीकरणाची गरज वाटली नाही.

शुक्र., १४ मार्च
धूळवड. नेटचे जाळे अखंड चालू.
स. ६ ते ७ कॅ. २ चे चित्र काळे. ज्ञानबाला फोन केला. कॅमेऱ्यावर घोंगडी टाकली होती म्हणे. "त्याला थंडी वाजायली आसंल, नाना." मार्चात! काढण्यास सांगितले. काढली.

सोम., १७ मार्च
घोंगडी रोज, तीच वेळ. आज कडक शब्दांत बजावले, यापुढे कॅमेऱ्यास हात लावायचा नाही. "बरं जी." आवाजात काही…

शुक्र., २१ मार्च
चार दिवस घोंगडी नाही. शिस्त लागली, असे लिहिणार होतो. दु. सुनंदाचा फोन.
"नाना, दोन नंबरच्या कॅमेऱ्यात कडेला जुन्या लुगड्यांचा आडोसा दिसतो, तो बघितलात का कधी?"
मी विहीर पाहत होतो.
"गयाबाईची न्हाणी आहे ती. वरून उघडी. आज सकाळी चित्र उघडलं आणि लगेच बंद केलं. आम्ही दोघांनीही ॲप काढून टाकलंय."
उत्तरेस मोकळी जागा. माझेच अक्षर. नकाशात ती मोकळीच आहे. आडोसा ज्ञानबाने माझ्या देखत उभारला. बांबू मीच दिले होते. पण तो कोणत्याही कागदावर नाही, म्हणून माझ्या लेखी तो नव्हता.

शनि., २२ मार्च
फिरोजभाईंना घेऊन सकाळीच गेलो. कॅ. २ तेथून काढून विहिरीच्या खांबावर बसवला. आता मोटार आणि पाणी, दुसरे काही नाही. साठवलेले सर्व चित्रण ज्ञानबासमोर पुसले. न्हाणीस विटांची भिंत व वर पत्रे घालण्यास गवंडी सांगितला.
गयाबाई बाहेर आली नाही. चहा आला नाही. बावीस वर्षांत प्रथमच.
म्हणालो, "चूक माझी."
"व्हय," ज्ञानबा म्हणाला. "बाईमानसाची गोष्ट कोन्या तोंडानं सांगावं, नाना? म्हून घोंगडी टाकायलो व्हतो."
साल पाडव्याला संपते. पुढील सालाचे काय, असे विचारले. दोर गुंडाळीत म्हणाला, "पाडव्याचं पाडव्याला बघू."
बावीस पाडवे तो स. आठच्या आत माझ्या दारी आला आहे, विडा घेतला आहे, आणि साल ठरले आहे. 'बघू' कधीच नव्हते.

बुध., २६ मार्च
न्हाणी पूर्ण. ओळंबा स्वतः लावून पाहिला, भिंत सरळ.
फिरोजभाईंनी बातमी आणली, पाथरीकडचा एक बागायतदार ज्ञानबाला बोलावतो आहे. "तिकडं कॅमेरे न्हाईत म्हणे, नाना." स्वतःच हसले. मी हसलो नाही. दुसरा गडी मिळेल. मिळतोच.
असे लिहिले खरे.

शनि., २९ मार्च
पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड सुवाच्य अक्षरात कागदावर लिहिला व खाली एक ओळ : कॅमेरे केव्हा चालू ठेवावेत व केव्हा बंद, हे आखाड्यावर राहणाऱ्याने ठरवावे. सही केली. उद्या विड्याबरोबर द्यायचा.

रवि., ३० मार्च. पाडवा
सूर्योदयास गुढी उभारली. ताटात विडा, धोतरजोडी, लुगडे, कागद.
आठ वाजले. साडेआठ.
कॅ. १ उघडला तर एका क्षणात कळेल, बैलगाडी ज्ञानबाच्या भांड्याकुंड्यांसह फाटकाबाहेर पडली की नाही. रेंज उत्तम आहे. चित्रही स्वच्छ असणार. उघडला नाही. तो चोरासाठी आहे, असे मी त्याला सांगितले आहे.
पावणेनऊ. मालकाने सालगड्याच्या दारी जाण्याची आपल्याकडे रीत नाही. ताटातले सर्व पिशवीत घातले. मोबाईल टेबलावरच ठेवतो. शेतावरून जाणारी पाथरीची जीप नऊला सुटते.