आईचा मुटका आणि माझी मेंबरशिप

बेलापूर, सोमवार

ति. दाजी,

रविराजचा तुमच्या पायांवर डोकं टेकून नमस्कार. अक्काची कंबर आता वळणावर आली असेल, म्हैसही सुखरूप व्याली असेल. इकडे आम्ही बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. (फोन का नाही केला म्हणाल, तर फोन लागला की आई शेजारी येऊन बसते, आणि हे पत्र तिच्याबद्दलच आहे.)

राहुरीकडच्या त्या फॅमिली कंट्री क्लबात मेंबर व्हायचं मी मनावर घेतलं होतं. गुडघ्याला बाशिंग बांधायची माझी सवय तुम्हाला ठाऊकच आहे. होकार यायच्या आधीच गावभर पेढे वाटले. (पूजा म्हणाली होती, थांबा. बायकोचं ऐकलं असतं तर क्लबाच्या नियमांचा कागद तरी आधी वाचला असता.) आता नकार आला तर दुकानात युरिया घ्यायला येणारा प्रत्येक जण आधी क्लबचं विचारणार. शेजारचा भिमाजी तर आत्तापासूनच मला 'मेंबर' म्हणून हाक मारतो.

तिथली पद्धत अशी, की आधी एक रविवार सहकुटुंब बोलावतात आणि कमिटी लांब बसून निरखते. मुलगी बघायला आल्यासारखंच. मी घरात सगळ्यांना काटे-चमचे धरायला शिकवले. आईला बजावलं, तिथं काही बोलू नकोस. "मी कशाला बोलू, माझं काय हाय तिथं?" म्हणाली, आणि दुपारपर्यंत खरंच बोलली नाही. त्यानंच मला जास्त धाकधूक लागली.

मग आपल्या ज्योतीला पोहायच्या तलावात उतरायचं होतं. आईनं पिशवीतून तेलाचा रिकामा डबा काढला आणि नातीच्या पाठीला बांधला. (तुम्ही-आम्ही विहिरीत असेच शिकलो, पण तिथं पोरांच्या दंडाला रंगीत फुगे असतात.) चारचौघांत शोभा नको म्हणून मी डबा सोडवायला गेलो. त्या ओढाताणीत दोरी सुटली, डबा माझ्या हातात राहिला आणि पोरगी खोल पाण्यात गेली. शिट्टीवाला शिट्टी शोधेपर्यंत आईनं पदर खोचून असा मुटका मारला, की कमिटीच्या वाट्यांतलं सूप वाढलं. ज्योतीला काठाला लावलं, इथवर ठीक. पण नंतर बाई बाहेर येईचना. नऊवारीसकट उताणी होऊन या काठाची त्या काठाला गेली, आणि वाटेत धडपडणाऱ्या एका जाडजूड गृहस्थांना म्हणाली, "पानी बडवू नगं बाबा, काप." ते क्लबाचे अध्यक्ष निघाले. मी काखेत डबा धरून उभा होतो.

येताना गाडीत आई तेवढी झोपली.

अक्काला नमस्कार, पोरांच्या पाठीवर हात.

तुमचा,
रविराज

ता. क. : आज क्लबाचा निरोप आला. मेंबरशिप मिळाली, आईला. कमिटीतल्या अश्विनी मॅडम म्हणाल्या, फी राहू द्या, बायकांना पोहायला शिकवा. माझं 'पुढे बघू' म्हणाल्या.

आणखी ता. क. : मेंबरला सोबत चारच पाहुणे नेता येतात. आईनं पूजा, ज्योती, अक्का आणि तुम्ही अशी नावं सांगूनही टाकली. जावयाचा मान आधी, म्हणते. तेव्हा दाजी, तुमच्यासारखा पोहणारा पंचक्रोशीत नाही हे मान्य, तरी तुम्हालाच पाण्याची भीती वाटते असं तिला एकदा फोन करून सांगा, म्हणजे एक जागा सुटेल. रविवारच्या आत सांगा. मला आत जाताना बघायला भिमाजी गेटपर्यंत येणार आहे.