झाकणाच्या आतल्या खुणा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय घड्याळदुरुस्ती, राहणार दुकानावरच्या दोन खोल्यांत, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. वकिलांच्या मसुद्यात ‘स्वखुशीने’ असा शब्द होता, तो मी खोडला आहे. खुशी नाही, राग आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हाताबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही. ते मीच पुढे लिहिते.

१. वरच्या दोन खोल्या, आतल्या सामानासकट, आणि बँकेत जे असेल ते माझ्या भाचीला. मोरीतला नळ गळतो. आयुष्यभर लोकांची नाजूक यंत्रं नीट केली, पण तो नळ मला जमला नाही.

२. धाकट्या भावाला गजराचं घड्याळ. आई गेली तेव्हा हा सगळं आटोपल्यावर उगवला होता, आणि बाईमाणसाने कसली घड्याळं उघडायची, हे मला चाळीस वर्षं ऐकवत आला आहे. मागच्या महिन्यात चहाला आला आणि माझ्यादेखत दुकान पावलांनी मोजून गेला. बारा फूट बाय सात आहे. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. दुकानावर त्याचा कसलाही हक्क नाही.

३. दुकान, टेबल, सगळी हत्यारं आणि डोळ्याला लावायचं भिंग हे अबोलीला. ती चौदा वर्षं माझ्या हाताखाली शिकली. दिवसभरात दहा वाक्यं बोलत नाही म्हणून हे नाव मीच पाडलं. अकरा दिवसांपूर्वी मी तिला दुकानातून हाकलून दिलं. तरीही दुकान तिचंच. वकिलांना हे विचित्र वाटलं. वाटू दे.

४. त्याचं कारण मास्तरांपासून सांगावं लागेल. हे भिंग मूळचं त्यांचं. मी एकोणीस वर्षांची असताना त्यांनी मला या टेबलाशी बसवलं, आणि पहिलं वर्षभर, तुझ्या हातात चिमट्याऐवजी कुदळ द्यायला हवी, असं रोज म्हणाले. त्यांच्याइतका स्वच्छ हात मी पुन्हा पाहिला नाही. त्यांचा नियम एकच. घड्याळ उघडलं की बंद करण्यापूर्वी झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची. पुढे काही बिघडलं तर कोणाचा हात लागला होता हे कळलं पाहिजे.

एकदा, काही कारण नसताना, ते म्हणाले, “माझा हात हलायला लागला की तू सांगायचंस. गिऱ्हाईक सांगेल त्याआधी.”

मी हो म्हटलं. वीस वर्षांनी तो हलायला लागला आणि मी सांगितलं नाही. दुपारी मास्तर जेवायला घरी गेले की त्यांनी नीट केलेली घड्याळं मी पुन्हा उघडायची, केसाएवढी स्प्रिंग सरळ करायची आणि बंद करायची. तीन वर्षं हे चाललं. मला वाटायचं, मी त्यांची लाज राखते आहे. आणि मूर्खपणा असा की बंद करण्यापूर्वी मी प्रत्येक झाकणात माझी खूण कोरत होते. त्यांनीच लावलेली सवय, न कोरता झाकण लावणं मला जमेच ना.

मग एक घड्याळ नव्या पट्ट्यासाठी परत आलं. मास्तरांनी सहज झाकण उघडलं. आत त्यांची खूण, तिच्याखाली माझी, तारीख एकच. त्यांनी तयार घड्याळांचा ट्रे पुढे ओढला. सहा उघडली. चारांमध्ये दोन-दोन खुणा.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“तीन वर्षं.”

“तीन वर्षं मी इथे काय करत होतो मग?”

त्यांनी भिंग काढून माझ्यासमोर ठेवलं आणि निघून गेले, ते परत आले नाहीत. पुढची चार वर्षं मी त्यांच्या घरी जात राहिले, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. काकू दारातूनच सांगायच्या, झोपलेत. एवढं कोणी झोपत नाही. मास्तर, मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला, मला त्याची लाज आहे. पण एकदा दार उघडून शिव्या तरी द्यायच्या होत्या. हा राग मी इथे लिहिते, म्हणजे तो कायदेशीर होईल.

५. अबोलीकडून मी असा शब्द कधी घेतलाच नाही. तेवढी छाती नव्हती. अकरा दिवसांपूर्वी संध्याकाळी तिने तीन घड्याळं माझ्यासमोर ठेवली, झाकणं बंद, तिने हातही न लावलेली. म्हणाली, “बाई, ही परत आलीत. तुमचा हात हलतोय.”

मी तिला नको ते बोलले. तुला माझी खुर्ची हवी आहे, असंही म्हणाले. तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी मी तिन्ही उघडली. तिन्हींत चूक माझीच होती. माझा राग अजून उतरलेला नाही, पण तो तिच्यावरचा नाही हे मला कळतं. मी ज्याला घाबरले ते तिने न मागता केलं. किल्ली या कागदासोबत पाकिटात आहे.

६. मास्तर गेल्यावर काकूंनी त्यांचं स्वतःचं मनगटी घड्याळ मला दिलं. बंद पडलेलं. चोवीस वर्षं ते खणात होतं. आत माझ्यासाठी काही कोरलेलं असेल, या भीतीने उघडलं नव्हतं. आज सकाळी उघडलं. निरोप वगैरे काही नाही. तीस वर्षांच्या त्यांच्या खुणा, सगळ्या सरळ. शेवटची, दुकान सोडल्यानंतरची, थरथरलेली, आणि तिच्यापासून झाकणाच्या कडेपर्यंत सुई घसरल्याचा ओरखडा. स्प्रिंग वाकडी बसवलेली. त्यांनी घरी एकट्याने ते उघडून पाहिलं होतं.

चूक कुठे आहे ते मला दिसतं. मी चिमटा उचलला, आणि हात हलला, म्हणून झाकण लावून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा आत खूण न करता. हे घड्याळ अबोलीने दुरुस्त करावं आणि मास्तरांच्या खुणेखाली फक्त स्वतःची खूण करावी.

सही वाकडी आहे, पण माझीच आहे.

साक्षीदार : शेजारचा चष्मेवाला. दुसरे साक्षीदार : डॉक्टर, ज्यांच्या दाखल्याचा वर उल्लेख आहे. अबोलीला साक्षीला घेता येत नाही, कारण तिला मिळणार आहे.

स्थळ : दुकान, खिडकीजवळचं टेबल.

दिनांक : १४ मार्च, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. दुकानातल्या सगळ्या घड्याळांत हीच वेळ आहे, एक सोडून.