किम पहिली, स्वानंदी दुसरी

१७ जून २००७

आजपासून रोजनिशी. स्वानंदीचं बारावीचं वर्ष सुरू. मोठ्या प्रोजेक्टला रेकॉर्ड लागतं, हे मी सातपूरच्या कंपनीत अठरा वर्षं स्टोअर्स सांभाळून शिकलोय. ही वही कुणी वाचायची नाही. कपाटात, इन्शुरन्सच्या फायलीखाली.

केबल तोडली. सरोजिनी म्हणाली, निदान बातम्या तरी राहू द्या. म्हटलं, पुढच्या जूनमध्ये बातमी आपल्याच घरात होणार आहे. त्यावर ती उठून भांडी घासायला गेली. पटलं असावं.

मी स्वतः बारावीला तीन मार्कांनी राहिलो, नाहीतर आज इंजिनिअर असतो. टायफॉईड झाला होता. स्वानंदीला टायफॉईडची लस टोचून आणली आहे.

२४ जून

स्वानंदीच्या ड्रॉवरची तपासणी. जप्त माल: दोन मासिकं, नेलपॉलिशची बाटली, एक सीडी. सीडी दिशाची. दिशा म्हणजे तिची कॉलेजातली मैत्रीण. सारखी हसते, म्हणून लक्ष ठेवायला हवं.

पिक्चर कोरियन, हिंदी डबिंग. कव्हरमध्ये फक्त पार्ट वन. काही आक्षेपार्ह आहे का, हे पालकाने तपासायलाच हवं, म्हणून स्वानंदी क्लासला गेल्यावर पाहिली. (टीव्ही केबलसाठी बंद आहे, तपासणीसाठी नाही.)

थक्क झालो. पिक्चर अभ्यासावर आहे! डोंगरावरची शाळा. व्हरांड्यात रँकची यादी, दर आठवड्याला नवीन. घंटा झाली की अख्खा वर्ग एकदम मान खाली घालून लिहायला लागतो. यादीत घसरलेली मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात दिसत नाहीत. खालच्या तुकडीत पाठवत असावेत. योग्य धोरण. मधे मधे भिंतीवर लाल ओघळ दाखवलेत, ते कशाचे कळलं नाही. बांधकामात ओल असेल.

यादीत एक मुलगी कायम पहिली. नावं सगळी सारखीच वाटतात, मी तिला किम म्हणतो. पहिल्या बाकावर एकटी. डबा नाही, गप्पा नाहीत, घरी जायची घाई नाही. सगळे गेले तरी ही बसलेली. इतर मुलं तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. जळत असणार.

अशी मुलगी आपल्याकडे का होत नाही?

१ जुलै

योजना तयार. रँकची यादी आणि घंटा.

कंपनीत शिफ्टची जुनी घंटा स्क्रॅपमध्ये पडून होती. रीतसर गेटपास करून आणली. मेंटेनन्सचा रंगनाथ बसवायला आला. म्हणाला, साहेब, ही दोनशे मानसांची घंटा हाय, एका पोरीला लय होतीय. त्याला शिक्षणातलं काय कळतं? टायमर बसवून घेतला. पहाटे साडेचारला पहिली, मग दर पाऊण तासाला. लोडशेडिंगमध्ये अडचण नको म्हणून बॅटरीसुद्धा. लाइट जातील, अभ्यास जाणार नाही.

संकल्प: मीही रोज साडेचारला उठणार.

२ जुलै

घंटेने सरोजिनीच्या हातून दुधाचं पातेलं पडलं. सवय होईल. स्वानंदी ताडकन उठली. उत्तम रिझल्ट.

मी उठलो नाही. कानात कापूस होता. तसंही सुपरवायझरने स्वतः मशीन चालवायचं नसतं.

१५ जुलै

यादीत अडचण. घरात विद्यार्थी एक, त्यामुळे स्वानंदी दर आठवड्याला पहिली. रँकला अर्थच उरत नाही.

तोडगा काढला! तिच्या खोलीच्या भिंतीवर नवी यादी लावली. दहा नावं. नऊ कोरियन, एक आपली. मी पेपर काढतो, स्वानंदी सोडवते, मी तपासतो, मग कोरियन मुलींचे मार्क भरतो. या आठवड्यात स्वानंदी चौथी. किम पहिली.

स्वानंदीने यादी बराच वेळ वाचली. मग विचारलं, बाबा, तुम्ही तो पिक्चर पूर्ण पाहिलात का? म्हटलं, गरज नाही, सार कळलं. ती म्हणाली, हिचंच नाव का घातलंत? म्हटलं, पहिली येते म्हणून. यावर तिने पुस्तक उघडलं. स्पर्धेची जाणीव झाली असावी.

२ सप्टेंबर

स्वानंदी दुसरी! शंभरपैकी त्र्याण्णव. किमला आधी नव्वद दिले होते, पण मग पोरगी हवेत गेली असती. ऐन वेळी किमचे पंच्याण्णव केले.

सरोजिनी म्हणाली, नसलेल्या मुलीला कशाला पुढे काढता? हिला कधीतरी शाबास म्हणा. म्हटलं, शाबास जूनमध्ये, एकदम. ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिथे बराच वेळ नळ चालू होता. पाणी वाया घालवू नये, हे सांगायचं राहिलं.

७ ऑक्टोबर

गेल्या आठवड्यात जेवताना स्वानंदीने विचारलं, किम काय खात असेल? मला फार बरं वाटलं. स्पर्धकाचा अभ्यास करणं ही जिंकणाऱ्याची खूण आहे. म्हटलं, काहीच खात नाही ती, वेळ वाचवते. तेव्हापासून स्वानंदी अर्धी पोळी खाते. डोकं हलकं राहतं.

दिशा आली होती. दारातूनच परत पाठवली. काका, पाच मिनिटं फक्त, असं म्हणत होती. पाच मिनिटांत एक एमसीक्यू सेट होतो.

९ नोव्हेंबर

दिवाळी. लोकांच्या घरी पाहुणे, आमच्याकडे इंटिग्रेशन. येवल्याहून साधनाचा फोन. साधना म्हणजे सरोजिनीची धाकटी बहीण. पोरीला चार दिवस पाठवा म्हणाली. म्हटलं, बारावी आहे. ती म्हणाली, मग तिला फोन तरी द्या. म्हटलं, बारावी आहे.

संकल्प: नव्या वर्षात साडेचारला उठणार.

२ डिसेंबर

सरोजिनीने फिजिक्सचं पुस्तक आणून दाखवलं. पानापानात केस. दोनचार नव्हे, झुपकेच. म्हणाली, ही उपटते आहे हो. मी शांतपणे समजावलं की मुली खूण म्हणून काहीही ठेवतात, मोरपीस ठेवतात, पिंपळाचं पान ठेवतात. सरोजिनी माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच ते केस उपटलेत.

खोबरेल तेल आणून दिलं. बापाचं लक्ष असतं.

६ जानेवारी २००८

आज आनंदाची गोष्ट. पहाटेची घंटा झाली आणि योगायोगाने मला जाग आली (कापूस पडला होता). स्वानंदीच्या खोलीतून आवाज. दार ढकललं. ती टेबलाशी, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली, अर्धी खुर्ची रिकामी. पाठांतर चालू होतं. मधे थांबायची, ऐकल्यासारखं करायची, मान हलवायची.

विचारलं, अशी का बसलीस? म्हणाली, किमला जागा नको का? तिला दुसरीकडे कुठे जाताच येत नाही.

याला म्हणतात निरोगी स्पर्धा! मी कंपनीत सांगितलं. सगळे ऐकत होते. रंगनाथ डबा अर्धा ठेवून उठला आणि म्हणाला, साहेब, माझं ऐका, आज घरी जाऊन ती घंटा काढू द्या मला. हाताखालच्या माणसांना फार जवळ केलं की हे असं होतं.

१० फेब्रुवारी

सरोजिनीला तिला डॉक्टरकडे न्यायचंय. डोक्याच्या. परीक्षेला सतरा दिवस! मी आवाज चढवला. आजवर या घरात कधी चढवला नव्हता. (साखरपुड्याच्या वेळचा धरत नाही.) परीक्षेनंतर बघू, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

यादी: किम ९९, स्वानंदी ९८. एका मार्काचं अंतर. हेच अंतर तिला खेचून नेणार.

२७ फेब्रुवारी

पहिला पेपर, इंग्रजी. दही-साखर. स्कूटरवरून सेंटरला सोडलं. गेटवर ती दोन मिनिटं थांबली, मागे वळून म्हणाली, बाबा, ती पण आत येणार आहे. म्हटलं, येऊ दे, दोघी लढा!

आजूबाजूचे पालक बघत होते. आत्मविश्वास असला की लोक बघतातच.

३ मार्च

फिजिक्स. गेटबाहेर झाडाखाली बसून राहिलो. घंटा झाली तेव्हा आतून कुणीतरी ओरडल्यासारखं वाटलं, लगेच थांबलंही. असतात काही घाबरट मुलं.

तीन तासांनी स्वानंदी बाहेर आली. चेहरा एकदम शांत. कसा गेला? म्हणाली, किमने छान लिहिला.

नम्रता आहे मुलीत.

२० मार्च

सगळे पेपर परवा संपले. सगळे असेच शांत गेले. घरी आल्यावर ती झोपली, ती तीस तास. घंटा वाजत होती, पण आता तिला ऐकू येत नाही बहुतेक. आरामाचा हक्क आहे. सीईटीची तयारी सोमवारपासून.

२३ मार्च

कंपनीतून आलो तर घराला कुलूप. टेबलावर चिठ्ठी. सरोजिनीचं अक्षर: आम्ही साधनाकडे येवल्याला जातोय, तिथल्या डॉक्टरांशी बोलणं झालंय, न्यायला येऊ नका.

सीईटीची पुस्तकं इथेच विसरली. उद्या एसटीने पार्सल करावीत.

१ एप्रिल

पार्सल परत आलं.

५ जून

रिझल्ट. सायबर कॅफेत सकाळपासून लाइन. पेढे आधीच घेऊन ठेवले होते, नंतर गर्दी होते म्हणून. नंबर टाकला.

इंग्रजी ७१. मराठी ६४. लेखीत फिजिक्स ०. केमिस्ट्री ०. मॅथ्स ०. बायोलॉजी ०.

कॅफेवाल्याला सांगितलं, कॉम्प्युटर बदल. दुसऱ्यावरही तेच. तिसऱ्यावरही. बोर्डाची चूक. उघड आहे. शून्य कुणाला पडतं का? उद्याच अर्ज करतो.

पेढे कॅफेतच विसरलो.

६ जून

दिशा आली. दारातून परत पाठवायला आज कारण सापडलं नाही.

तिचा नंबर स्वानंदीच्या बरोबर मागे होता. ती उभ्यानेच सांगत होती. भाषांचे पेपर स्वानंदीने लिहिले, कारण घरच्या यादीत भाषा नव्हत्या. फिजिक्सला घंटा झाली तशी ती ओरडली. मग पेन बाकाच्या रिकाम्या बाजूला ठेवलं, उत्तरपत्रिका तिकडे सरकवली, स्वतः कडेला सरकून बसली आणि तीन तास हाताची घडी घालून बघत राहिली. सुपरवायझरने विचारलं तर म्हणाली, ती लिहितेय ना. चारही विषयांना तेच.

मी काकूंना तेव्हाच सांगितलं, दिशा म्हणाली. तुम्हाला सांगायला पण आले होते काका, तुम्ही गेटवर म्हणालात पेपरवर चर्चा नको.

म्हणालो होतो.

जाताना तिने ती जप्त केलेली सीडी मागितली, तिच्या भावाची होती म्हणे. काढून दिली. विचारायचं म्हणून विचारलं, पार्ट टूमध्ये किमचं पुढे काय होतं? दिशा माझ्याकडे बघतच राहिली. काका, तुम्ही पार्ट टू पाहिलाच नाही? तासाभराने परत येऊन पार्ट टूची सीडी ठेवून गेली.

७ जून

पाहिली.

किम जिवंत नाहीये. पहिल्या सीनपासूनच नाहीये. पाच वर्षांपूर्वी, एक मार्क कमी पडला म्हणून. म्हणून डबा नाही, म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही, म्हणून घरी जात नाही. सगळ्या थेटराला कळलं असेल. स्वानंदीला जुलैतच माहीत होतं. मेलेल्या मुलीच्या खाली मी तिचं नाव लिहीत होतो, आणि ती रोज त्या भिंतीसमोर झोपत होती. तिने विचारलं होतं, पूर्ण पाहिलात का.

शेवटी किमचा बाप शाळेत येतो. रिकाम्या वर्गात उभा राहतो, आणि यादी वाचतो. फक्त यादी वाचतो. मी टीव्ही बंद केला.

टायफॉईड मला बारावीनंतर झाला होता. ऑगस्टमध्ये. लिहून ठेवतो.

८ जून

येवल्याला फोन केला. माफी मागायची असं ठरवून, कागदावर मुद्दे काढून. साधनाने उचलला, बराच वेळ गेला, मग स्वानंदी आली. आवाज जाड झालाय. औषधाने होतो म्हणे. म्हणाली, मी पूर्ण पोळी खाते आता. मावशीच्या शेजारी हातमाग आहे, त्याचा आवाज चालतो मला.

मुद्दे हातात होते. तोंडातून निघालं, ऑक्टोबरचा फॉर्म भरायची तारीख बघून ठेवू का?

तिने हळूच विचारलं, बाबा, किम अजून भिंतीवर आहे?

म्हटलं, नाही, आत्ता फाडतो.

फाडू नका हो, म्हणाली. तिने काय केलंय? तिला फक्त सांगा की झाली परीक्षा, आता घरी जा. तिला कुणी सांगितलंच नाही.

फोन ठेवला. खोलीत गेलो. किम ९९, स्वानंदी ९८. माझंच अक्षर. खुर्चीसमोर उभा राहून म्हटलं, झाली परीक्षा, बाळ. घरी जा. रडू आलं. कुणाला म्हणत होतो ते मला ठाऊक आहे.

तेवढ्यात घंटा झाली. सवयीने घड्याळ बघितलं, पाऊण तास बरोबर.

उद्या रंगनाथला बोलवायचं. माफी राहिली.