ओर्लाच्या तोंडचे शब्द

लीट्रिम, २४ जानेवारी १९७४

ती. ॲट्रॅक्टामावशीस,
डर्व्लाचा शि. सा. न. वि. वि.
पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. शाळेतली शेगडी नुसती धुमसते, आणि चौदा पोरांपुढे माझा आवाज बसलाय.

पुढच्या शुक्रवारी संत ब्रिजिडचा सण. आदल्या दिवशी पोरं क्रॉस विणायला पाणथळीतून लव्हाळे उपटून आणतील. (कापणार नाहीत, तुझी शिस्त!) यंदा ब्रिजिड व्हायला मी ओर्ला मॅकगोल्ड्रिकला निवडलंय. लव्हाळ्यांची मोळी घेऊन तिने बाहेरून दार ठोठावायचं आणि म्हणायचं, गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या. पोरगी बोलताना अडखळते, म्हणून वर्गात तोंडच उघडत नाही. तिचे वडील म्हणतात, घरी वासरांना अशी झापते की पाद्रीबाबांनी कानांवर हात ठेवावेत! तिला ही चांगली संधी आहे ना?

तुझीच,
डर्व्ला

स्लायगो, २८ जानेवारी

चि. डर्व्लास अनेक आशीर्वाद.
संधी कुणाची गं, तिची की तुझी? तिला विचारलंस का?

मीही एकदा अशाच एका मुलीला कविता म्हणायला उभं केलं होतं. शब्द फुटेना, पोरं हसली. पुरी केल्याशिवाय बसायचं नाही, असं मी बजावलं. ती दप्तर तिथेच टाकून घरी गेली. पुन्हा आली नाही. चाळीस वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं.

बाकी गुडघे सोडले तर मी ठणठणीत.

तुझी मावशी

लीट्रिम, २ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न.
विचारलं. दारावर नुसती थाप मारलीस तरी चालेल, असंही सांगितलं. तिने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

काल थाप पडली. मग नुसता ग, ग, ग. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी तिच्या वतीने म्हणायला निघाले, पण तुझं पत्र आठवलं आणि जागीच थांबले. तेवढ्यात पाच वर्षांची डिम्फ्ना कंटाळली. गुडघ्यांवर बसून ओरडली, ये बाई आत, बाहेर गारठा आहे, आम्हाला केक खायचाय. मग सगळेच गुडघे टेकून ओरडायला लागले.

त्यावर बाहेरून ओर्ला कडाडली, की गप्प बसा, माझं अजून व्हायचंय!

आणि मग तिने सगळं म्हटलं, अडखळत, पहिल्यापासून. तीन मिनिटं तरी लागली असतील. एकही पोर उठलं नाही, हसलं नाही. मागे उभे असलेले तिचे वडीलही टोपी काढून गुडघ्यांवर बसले. दार मीच उघडलं.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
डर्व्ला