पाटीचा डोंगर

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला डोळे मिटावे लागतात. पण गेल्या महिन्यात एका परक्या डोंगरावर तो उघड्या डोळ्यांनी ऐकू आला, म्हणून लिहायला बसले. बाहेर नईम मोहल्ल्याच्या गल्लीत ऊन रखरखतंय, आणि मी अर्ध्या भरलेल्या खोक्यांच्या मधे जेवणाच्या टेबलाशी आहे. तुमच्या नातवाला वेल्समध्ये नोकरी लागली, बहारीनचं घर आवरायचं आहे. माझा व्हिसा त्याच्याच नोकरीवर, तेव्हा मला इथं राहता यायचं नाही. त्यांच्याबरोबर तिकडे जायचं, नाहीतर आपल्या गावी. मी गाव म्हटलं होतं. ह्यांचा जन्म इथल्या मआमीर भागातल्या वर्कशॉपात वेल्डिंग करण्यात गेला, आणि ते गेलेही इथंच. जिथं ह्यांनी कधी पाऊल टाकलं नाही, अशा थंड मुलखात जाऊन मी काय करू?

"आई, एकदा बघ तरी," म्हणत मुलगा आम्हा सगळ्यांना सुट्टीत घेऊन गेला आणि एक दिवस छोट्या बसने डोंगर फिरवले. डोंगर हिरवे, पण झाडं थोडी. गवत, मेंढ्या, आणि रस्त्यावर उतरलेले ढग. सकाळी एक किल्ला पाहिला, परक्या राजाने तिथल्या लोकांना धाकात ठेवायला बांधलेला. ड्रायव्हर माहिती सांगायचा आणि मुलगा मला मराठीत. पुढे तिथल्या शाळांतून घरची भाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे म्हणे. माझी नात सगळं मराठी समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. तिला म्हटलं, "तुझ्या गळ्यात कुणी अडकवलाय गं?" ती लाजून हसली. "आजी, स्टॉप!"

दुपारी पाटीच्या दगडाची खाण. अण्णा, तिथली घरं पाटीने शाकारलेली आहेत! तुम्ही गावभर कौलं परतायला जायचात, तुम्ही ती छपरं बघत रस्त्यातच उभे राहिला असतात. आणि खाणीतून निघालेल्या चुऱ्याचे डोंगर, काळेनिळे, आभाळापर्यंत. वाट त्यावरूनच. मी पाय टाकला, आणि तुम्ही ओरडलात, "पाय लावतेस? विद्या आहे ती!"

क्षणात मी लहान होऊन आपल्या स्वयंपाकघरात आहे. तुम्ही बाजारातून आणलेली लाकडी चौकटीची पाटी जमिनीवर, आणि मी ती ओलांडून चुलीकडे धावतेय. तुम्ही मला थांबवता, पाटीला नमस्कार करायला लावता, मग जवळ बसवून एकाचे आकडे मांडून सरस्वती काढायला शिकवता. दर दसऱ्याला तीच सरस्वती. एकही एक वाकडा झाला तर पुसून पुन्हा. चौथीनंतर शाळा सुटली, पाटी राहिली. पुढे पुड्यांचे कागद वाचत मी पुस्तकांपर्यंत आले, ते त्या पाटीच्या बळावर.

तेव्हा त्या चुऱ्यावर मी वाकले, दगडाला हात लावून कपाळाला लावला. दोन पावलं गेले, पुन्हा वाकले. मागची माणसं खोळंबली. मुलगा कासावीस. "आई, अगं अख्खा डोंगर पाटीचा आहे! किती नमस्कार करशील?" नात पुढून अरबीत घाई करत, "यल्ला आजी, यल्ला!" शेवटी मी एकदाच सबंध डोंगराला हात जोडले आणि चप्पल काढून चालायला लागले, तेव्हा सून म्हणाली, "पाय कापतील हो, घाला ती." घातली.

खाली एक माणूस छिन्नीने दगडाच्या पातळ पाट्या फोडून मुलांना देत होता, वर खडू. नात भुईवर बसून काहीतरी काढू लागली. मी वाकून पाहिलं तर सरस्वती. मी तिला कधी शिकवली नव्हती. म्हटलं, "कुणी शिकवली गं?" ती मान वर न करता म्हणाली, "आजोबांनी." 'आजी' सोडून त्या दिवसात तिच्या तोंडून आलेला तो एवढाच मराठी शब्द. आणि अण्णा, खालच्या ओळीतले सगळे एक उलटे होते, शेपट्या वर. हे, तुमचे जावई, तसेच काढायचे. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी हसले होते, तर म्हणाले, "आमच्याकडे सरस्वती अशीच बसते." जन्मभर तशीच बसवली, आणि माझ्या नकळत पोरीच्या हातातही बसवून गेले.

जिथं ह्यांनी पाऊल टाकलं नाही, असं मी म्हणत होते.

तुम्ही असतात तर ती पाटी पुसून पुन्हा काढायला लावली असतीत. मी पुसली नाही. तिच्यावर दुसरी कोरी पाटी ठेवून दोन्ही रुमालात बांधून आणली. खडू थोडा उडालाय, पण शेपट्या दिसतात. हा कागद आता त्या दोन पाट्यांच्या मधे ठेवते, तुमच्याकडे पोचवायला दुसरी वाट मला माहीत नाही. गावचं तिकीट काढू का, असं मुलाने सकाळी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, बघू. अण्णा, मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. तुम्हाला आधी सांगितलं, त्याला अजून नाही.